फिरती क्रूसाची वाट: चौदा फळ्या, एग टेम्परा आणि परवानगीचे प्रश्न

चौदावे_स्थान यांचा प्रश्न

नमस्कार. प्रापंचिकांचा एक प्रार्थनागट आणि काही धर्मभगिनी मिळून उपवासकाळासाठी क्रूसाची वाट (येशूच्या मरणयात्रेची चौदा दृश्ये, म्हणजे ‘स्थाने’) रंगवायची आहे. एका धर्मग्रामातून दुसऱ्यात नेता येईल अशी, आणि चर्चमध्ये एरवी न येणाऱ्यांनाही समोर उभे राहून पाहता येईल अशी. ठरलेले एवढेच:

१२ मिमी बर्च प्लायवूडच्या १४ फळ्या, ३० × ४० सेंमी. त्यावर खडू-सरसाचे अस्तर, एग टेम्परा (अंड्याच्या बलकात कालवलेला रंग), प्रभामंडळाला सोन्याचा वर्ख. रंगवणारे आठ जण, त्यातले दोनच सरावलेले. हातात सात महिने.

अडलेले मुद्दे असे. नमुन्याच्या फळीवर अस्तराला केसासारख्या भेगा पडल्या आणि बारीक छिद्रेही दिसतात, ते का? फिरत्या स्थानांसमोर प्रार्थना केली तर इंडल्जन्स (म्हणजे पापाची क्षमा झाल्यावर उरलेल्या दंडाची माफी) लागू होतो का? पारंपरिक चौदा स्थाने घ्यावीत की बायबलवर आधारलेली? आणि शेवटी पुनरुत्थानाचे पंधरावे चित्र जोडावे का? गटात यावर दोन तट आहेत.

खडू_सरस यांचा प्रतिसाद

भेगा आणि छिद्रे हे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळे.

भेगा पडतात त्या बहुतेक वेळा सरस जास्त घट्ट झाल्यामुळे, किंवा वरचा हात खालच्यापेक्षा जोरकस झाल्यामुळे. नियम साधा आहे: वरचा थर खालच्याइतकाच किंवा त्याहून किंचित अशक्त हवा. पहिल्या दिवशी केलेला सरस रोज गरम करून वापरला की पाणी उडते, तो दाट होत जातो आणि पाचव्या-सहाव्या हाताला भेग दिसते. म्हणून भांड्यावर पातळीची खूण करून ठेवा आणि कमी झालेले पाणी भरून काढा. दुसरे कारण म्हणजे पंख्याखाली किंवा उन्हात घाईने वाळवणे.

प्रमाण: सशाच्या कातड्याचा सरस १ भाग, पाणी १२ भाग, वजनाने. रात्रभर भिजत ठेवा, मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून विरघळवा. तापमान ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. उकळी आली तर त्यातले प्रथिन तुटते, चिकटपणा जातो, आणि मग अस्तर बोटाला पांढरे लागते. हे दिसले तर ते अस्तर खरवडून टाकण्याशिवाय इलाज नाही, वरून आणखी हात देऊन ते सुधारत नाही.

क्रम असा. फळीवर आधी नुसत्या सरसाचा एक हात, दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही. तो वाळला की जुने धुतलेले लिनन किंवा मलमल सरसात बुडवून पुढच्या बाजूला चिकटवा. नवे कापड धुतल्याशिवाय वापरू नका, खळ राहते. मग गरम सरसपाण्यात चाळलेली खडूची पूड अलगद सोडायची: एक वाटी सरसपाण्याला साधारण दीड वाटी पूड. पूड पाण्यावर बेटासारखी तरंगू द्या, आपोआप भिजून खाली बसू द्या, नंतरच सावकाश हलवा. ढवळाढवळ केली की हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि तुमची ती बारीक छिद्रे तिथूनच येतात. पहिला हात कुंचल्याने न देता तळहाताने कापडात चोळून द्यायचा. पुढचे सात हात कुंचल्याने, एक आडवा तर दुसरा उभा. हाताला गारवा लागेनासा झाला की पुढचा हात. सगळे थर एकाच दिवशी संपवता आले तर फार उत्तम.

मागच्या बाजूलाही अस्तराचे दोन-तीन हात हवेतच. एकाच बाजूला आठ थर चढले की दमट हवेत फळी पन्हाळीसारखी वाकते. १२ मिमी बर्चला या आकारात मागे पट्ट्या ठोकायची गरज नाही, पण दोन्ही बाजू समतोल नसतील तर प्लायवूडही वाकते.

माल: एका हाताला चौदा फळ्यांना मिळून सुमारे पाव लिटर अस्तर लागते, म्हणजे पुढच्या बाजूचे दोन लिटर. मागची बाजू आणि सुरुवातीचे हात धरून कोरडा सरस पाव किलो घ्या, थोडा उरेल. घासायला २२० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ४००. मास्क लावा.

डब्यातले तयार ॲक्रिलिक ‘जेसो’ मात्र नको. नाव तेच असले तरी ते रबरासारखे असते, पाणी शोषत नाही, आणि एग टेम्परा त्यावरून पापुद्र्यासारखा सुटतो.

उपासना_वाचक यांचा प्रतिसाद

इंडल्जन्सबद्दल बराच गोंधळ असतो, कारण सगळ्यांचे लक्ष चित्रांकडे जाते. नियम चित्रांबद्दल नाहीच, क्रूसांबद्दल आहे. रीतसर स्थापन केलेल्या क्रूसाच्या वाटेसमोर ही भक्ती व्हावी, तिला चौदा क्रूस हवेत. चित्रे जोडण्याची प्रथा आहे, ती आवश्यक नाहीत. प्रत्येक स्थानाला वाचन आणि प्रार्थना हाही रिवाज आहे. माफीसाठी प्रभूच्या दुःखसहनाचे आणि मरणाचे चिंतन पुरते. एका स्थानाकडून दुसऱ्याकडे चालत जाणे मात्र लागते. गर्दीत सगळ्यांना चालता आले नाही तर चालवणारा एकटा फिरला तरी चालते, बाकीचे जागेवर राहू शकतात. यावर नेहमीच्या अटी आहेतच: पापनिवेदन, ख्रिस्तशरीर स्वीकारणे, पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि पापाची ओढ सोडणे.

यातून तुमच्यासाठी सोपी वाट निघते. बहुतेक चर्चमध्ये भिंतीवर आधीच स्थापन केलेली चौदा स्थाने असतात. तुमची प्रत्येक फळी त्या त्या क्रमांकाच्या क्रूसाखाली उभी करा. मग वाट त्या चर्चची, चित्रे तुमची, आणि शंकेला जागा राहत नाही. सभागृहात किंवा मैदानात मांडणार असाल तर प्रमुख धर्मगुरूंना आधी विचारा. तिथे ती स्थापन करायची की नुसते चिंतनाचे प्रदर्शन ठेवायचे, हे त्यांनी ठरवायचे. आशीर्वादाच्या विधिग्रंथात क्रूसाच्या वाटेसाठी वेगळा विधी आहे, तोच वापरावा. कुठलीतरी सर्वसाधारण प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडले की झाले असे नाही.

प्रत्येक फळीच्या माथ्यावर लहानसा साधा लाकडी क्रूस बसवा. रंगवलेला पुरत नाही असे समजून चाला.

पारंपरिक की बायबलची: चौदा हा आकडा आणि ही मालिका पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ मध्ये पक्की केली. त्याआधी फ्रान्सिस्कनांना (संत फ्रान्सिस यांच्या संघाच्या बंधूंना) वाटा फक्त आपल्याच चर्चमध्ये उभारता येत. पोर्ट मॉरिसच्या संत लिओनार्ड या फ्रान्सिस्कन प्रवचनकाराने एकट्याने ५०० हून जास्त ठिकाणी वाटा उभारल्या, १७५० मध्ये रोमच्या कोलोसियममध्येही. प्रवचनाबरोबर डोळ्यांना काही देण्याची पद्धत अशी जुनी आहे. या चौदांपैकी तीन वेळा पडणे (३, ७, ९), आईची भेट (४), येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका (६) आणि क्रूसावरून उतरवलेला देह आईच्या मांडीवर (१३) ही दृश्ये शुभवर्तमानात जशीच्या तशी नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या शुभ शुक्रवारी कोलोसियमला संपूर्ण शास्त्राधारित मालिका वापरली: गेथशेमनेपासून सुरू, यहूदाचा विश्वासघात, पेत्राचा नकार, पश्चात्तापी चोर, क्रूसाखाली आई आणि योहान, शेवटी कबर.

माझे मत: श्रोते मुख्यतः कॅथलिक असतील तर पारंपरिक, कारण आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना क्रम पाठ असतो. इतर ख्रिस्ती पंथांचे किंवा ख्रिस्ती नसलेले लोक येणार असतील तर १९९१ ची मालिका, कारण प्रत्येक चित्राखाली अध्याय आणि ओवी देता येते. दोन्हींची खिचडी करू नका. क्रूसाखाली मांडायचे तर चर्चमधले क्रमांक आणि तुमची दृश्ये जुळायला हवीत, तेव्हा हा निर्णय रेखाटनाआधीच झाला पाहिजे.

पंधरावे चित्र: लोकभक्ती आणि उपासना यांवरची व्हॅटिकनची २००१ ची मार्गदर्शिका सांगते की या भक्तीचा शेवट पुनरुत्थानाची वाट पाहायला लावणारा असावा, आणि अखेरीस पुनरुत्थानाचे स्मरण करायला तिची हरकत नाही. चित्र करा, पण त्याला ‘१५’ हा आकडा देऊ नका. आकाराने वेगळे ठेवा, वेदीजवळ किंवा दाराशी. म्हणजे दोन्ही तट शांत होतील.

एक सूचना न विचारता देतो. गटाच्या नावात ‘कॅथलिक’ शब्द घालायचा असेल तर बिशपांची संमती लागते (धर्मविधान, कलम ३००). पत्रके छापून झाल्यावर हे लक्षात येते.

थेट_सांगतो यांचा प्रतिसाद

आठातले सहा नवखे, सात महिने, चौदा फळ्या. एग टेम्परा कशाला? ॲक्रिलिक घ्या, दोन दिवसांत वाळते, पडले-झडले तरी काही होत नाही. आयकॉन (पवित्र चित्रे) ‘लिहायचे’ असतात वगैरे भारावून जाण्यात वेळ घालवू नका.

खडू_सरस यांचा प्रतिसाद

@थेट_सांगतो, ‘लिहिणे’ या शब्दापुरते मान्य. ग्रीकमध्ये लिहिणे आणि रंगवणे याला एकच क्रियापद आहे, त्यावर एवढे अध्यात्म उभे करण्याची गरज नाही. पण माध्यमाबद्दल नाही. एग टेम्परा मिनिटभरात वाळतो, त्यामुळे बारीक रेघारेघांनी चढवावा लागतो, आणि तीच गोष्ट नवख्यांच्या फायद्याची आहे: एक रेघ चुकली तर चित्र बिघडत नाही. शिवाय ॲक्रिलिकच्या फळ्या एकमेकींना टेकून राहिल्या तर उकाड्यात चिकटतात. फिरत्या प्रदर्शनाला ते परवडत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. टेम्परा हाताला लगेच वाळलेला लागतो, पण कडक व्हायला तीन ते सहा महिने घेतो. तोवर नखाचा ओरखडाही उठतो. म्हणून सात महिन्यांची वाटणी अशी करा: एक महिना फळ्या आणि रेखाटने, तीन महिने रंग, तीन महिने नुसती विश्रांती, हवा खेळेल अशा कोरड्या खोलीत. शेवटच्या आठवड्यापर्यंत रंगवत बसलात तर पहिल्याच प्रवासात नुकसान ठरलेले.

बलकाचे तंत्र थोडक्यात. बलक कागदावरून लोळवून पांढऱ्याचा अंश काढा, पातळ कातडे चिमटीत धरून खाली टोचा, आतले द्रव बाटलीत, कातडे फेका. त्यात तितकेच पाणी. रंगद्रव्य आधी पाण्यात घोटून लगदा करून ठेवा, रंगवताना लगदा आणि बलकपाणी निम्मे-निम्मे. दर रंगाची चाचणी काचेवर घ्या: वाळलेला पट्टा पात्याने खरवडला की सालीसारखा अखंड निघाला तर बरोबर. भुकटी झाली तर बलक कमी आहे. तुपकट चमक आली तर जास्त. गेरू आणि काजळी यांचे प्रमाण सारखे नसते, काजळी बलक जास्त पिते. उरलेले बलकपाणी दुसऱ्या दिवशी टाकून द्या.

रंग मोजकेच: पिवळी माती, गेरू, अंबर (तपकिरी माती), हिरवी माती, अल्ट्रामरीन, काजळी, टायटॅनियम पांढरा. शिसे, पारा, कॅडमियम असलेले रंग सुट्या पुडीच्या स्वरूपात नवख्यांच्या हाती देऊ नयेत. एवढ्या सात रंगांतच राहिलात तर चौदा फळ्या एका घरातल्या वाटतील.

पायवाट यांचा प्रतिसाद

तंत्रावर बोलून झाले, आता चित्रांच्या आतल्या गोष्टी.

आठ जणांनी फळ्या वाटून घेतल्या तर चौदा स्थानांत आठ येशू दिसतात. काम फळीने वाटू नका, थराने वाटा. एकच व्यक्ती सगळी रेखाटने करते, पूर्ण आकारात, कागदावर. दुसरी सगळे चेहरे आणि हात. बाकीचे पार्श्वभूमी, वस्त्रे, क्रूस. झग्याचा रंग पहिल्यापासून नवव्यापर्यंत तोच हवा, दहाव्याला तो काढला जातो. क्रूसाची जाडी आणि लांबी दुसऱ्यात एक आणि बाराव्यात भलतीच, ही चूक मी म्हणेन सर्वांत जास्त वेळा दिसते. पुठ्ठ्याचा एक साचा कापा आणि सगळीकडे तोच वापरा.

दिशेचा विचार कोणी करत नाही. पहिले स्थान वेदीच्या कुठल्या बाजूला, याचा सर्वत्र एकच नियम नाही. सगळ्या चित्रांत येशू डावीकडून उजवीकडे चालत असेल, तर उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या भिंतीवर तो लोकांच्या अंगावर उलटा येतो. फिरत्या संचासाठी समोरून पाहिलेली किंवा थांबलेली मुद्रा निवडा: पडलेला, भेटणारा, वळून बोलणारा.

गर्दी कमी ठेवा. फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात फ्रा अँजेलिको या डोमिनिकन बंधूने मठवासीयांच्या खोल्यांत चित्रे काढली, ती एकेकट्याच्या प्रार्थनेसाठी. मोजक्या आकृत्या, उघडी भिंत, बस. सातव्या खोलीत प्रभूची थट्टा करणारे सैनिक पूर्ण दाखवलेलेच नाहीत: थुंकणारे एक मस्तक, काही सुटे हात, एक काठी. खाली संत डोमिनिक पुस्तक वाचत बसले आहेत. (पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये याच चित्रकाराला कलावंतांचा पालक केले.)

ही युक्ती तुमच्या एका मोठ्या धोक्यावरही लागू पडते. जुन्या वाटांमध्ये यहुदी लोकांचे चेहरे विद्रूप, लांब नाकाचे, दुष्ट काढलेले असतात आणि बघून बघून नवखे तेच गिरवतात. नोस्त्रा एताते या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या घोषणापत्राने स्पष्ट म्हटले आहे की प्रभूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही. जुनी चिंतनेही त्या दृष्टीने तपासून घ्या, अशी वाक्ये गाण्यांतही दडलेली असतात.

चिंतनाचा मजकूर रेखाटनाच्या आधी लिहा. नंतर लिहिला की तो चित्राचे वर्णन करत बसतो, आणि जे समोर दिसते आहे ते ऐकायला कोणी थांबत नाही. १०० शब्दांच्या पुढे नको. सावकाश वाचले की मिनिटभर होते. अर्धा मिनिट शांतता, एक प्रार्थना, एक कडवे आणि चालणे, मिळून तीन मिनिटे. चौदा त्रिक बेचाळीस, आरंभ-शेवट धरून पन्नास मिनिटे. तासाच्या पुढे मुले आणि वृद्ध दोघेही थकतात. चालताना स्ताबात मातेर (क्रूसाखाली उभ्या असलेल्या मातेवरचे लॅटिन गीत) म्हणत असाल तर त्याची कडवी २० आहेत. एकेका टप्प्याला एक घेऊन उरलेली सहा शेवटच्या स्थानाशी सलग म्हणता येतात.

नुसते पाहायला येणाऱ्यांसाठी मोठी माहितीपाटी लावू नका. स्थानाचे नाव, शास्त्रवचन, एवढेच. बोलायला कोणी हवेच असेल तर ते दाराशी, परतीच्या वाटेवर. चित्रापाशी उभे राहून समजावणारा माणूस पाहणाऱ्याची प्रार्थना मोडतो. तुमच्यातल्या सिस्टरांना पायस डिसायपल्स ऑफ द डिव्हाइन मास्टर हा संघ माहीत असेल, जेम्स अल्बेरिओने यांनी १९२४ मध्ये स्थापलेला. उपासनेची कला हा त्यांच्या प्रेषितकार्याचा एक भाग, आणि आराधना हाही त्यांच्या दिवसाचा भाग. गटाचा दिनक्रम आखताना तो नमुना पाहण्यासारखा आहे: रंगकामाआधी अर्धा तास शांत प्रार्थना ठरली तर पुढचे तीन तास हात घाई करत नाहीत.

चौदावे_स्थान यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. पारंपरिक मालिका आणि क्रमांक नसलेले पुनरुत्थान, हे आता पक्के. सरस रोज गरम होत होता, तोच दोष निघाला. राहिले दोन प्रश्न: वर्ख किती लागेल, आणि ने-आण करताना काय काळजी घ्यायची?

खडू_सरस यांचा प्रतिसाद

वर्खाचे पान साधारण ८ × ८ सेंमी असते आणि वहीत २५ पाने. तुमचे प्रभामंडळ ६ सेंमीचे धरले तर एका पानात बसते. पण एक थर नेहमी कुठेतरी फाटतो, म्हणून दोन थर: २८ पाने, आणि चुकीला थोडी. दोन वह्या घ्या. नवख्यांनी पाण्याच्या पद्धतीऐवजी तेलाचा चिकटा वापरावा, बारा तासांचा. बोटाचे पेर टेकवल्यावर ‘चुक्’ असा आवाज आला आणि बोटाला काही लागले नाही की पान ठेवायची वेळ. ओला असताना ठेवले तर सोने बुडते आणि मळकट दिसते. सोने आधी, रंग नंतर, कारण ताज्या टेम्पऱ्यावर वर्ख नको तिथे चिकटतो. नकली वर्ख पितळेचा असतो, लाखेचा हात दिला नाही तर हिरवा पडतो.

ने-आण: ताज्या रंगाला बुडबुड्यांचे प्लास्टिक थेट लावू नका, गोल गोल ठसे उमटतात आणि जात नाहीत. आधी ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, मग खाचा पाडलेली लाकडी पेटी, फळ्या उभ्या, एकमेकींना न टेकता. एक फळी किलोभर, माथ्याच्या क्रूसासह थोडी जास्त. सात-सातच्या दोन पेट्या करा म्हणजे एकेक माणूस उचलू शकेल. क्रूस काढता येईल असा खुंटीवर बसवा, नाहीतर पेटीत पहिला तोच मोडतो.

मांडताना चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमी, दोन स्थानांत निदान दोन मीटर. दिवा वरून तिरका, नाहीतर सोन्याची चमक थेट डोळ्यांत येते आणि चेहरा काळा दिसतो. मेणबत्ती फळीच्या खाली कधीच नाही. बाजूला, हातभर अंतरावर, आणि स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी.

उपासना_वाचक यांचा प्रतिसाद

मेणबत्तीवरून आठवले: शुभ शुक्रवारी त्याच चर्चमध्ये उपासना असेल तर तुमचे स्टँड क्रूसवंदनेच्या रांगेत आडवे येतात. आदल्या दिवशी सॅक्रिस्टनबरोबर (चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकाबरोबर) एकदा चालून पाहा.

चौदावे_स्थान यांचा प्रतिसाद

नोंद केली. बाराव्या फळीचा स्टँड अगदी तिथेच येतो आहे.